सनस्क्रीनमधल्या प्रिझर्व्हेटिव्हची भीती: कुठली खरी, कुठली उगाच

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या सनस्क्रीनच्या ट्यूबवर मागच्या बाजूला मिथाइलपॅराबेन, प्रोपिलपॅराबेन आणि फिनॉक्सीइथॅनॉल ही प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे माल जंतूंनी खराब होऊ नये म्हणून घालतात त्या पदार्थांची, नावं आहेत. जाऊबाई म्हणाल्या, "पॅराबेननं कॅन्सर होतो, टाकून दे." मग एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही, शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं कोरफडीचं सनस्क्रीन आणलं. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तिलाही तेच लावायचा विचार आहे. यजमान दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत असतात. ते जुनं सनस्क्रीन लावायला लागल्यापासून त्यांच्या पापण्या आणि मान खाजते. हे प्रिझर्व्हेटिव्हमुळेच ना?

ताई, आधी सरळ उत्तर देते. जुनी ट्यूब फेकू नका. स्टॉलवरचं सनस्क्रीन वापरू नका, मुलीला तर मुळीच लावू नका. आणि यजमानांची खाज पॅराबेनची असण्याची शक्यता फार कमी आहे, तिचं कारण बहुधा दुसरीकडे सापडेल.

मी त्वचेची डॉक्टर नाही. क्रीम-लोशन बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांसाठी फॉर्म्युलेशन करणं आणि तयार मालाची जंतुतपासणी करणं हे माझं काम, सगळं आयुष्य नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात गेलं. म्हणून मी ट्यूबच्या आतल्या बाजूनं बोलते. खाज कशाची, याचा अंतिम निवाडा त्वचारोगतज्ज्ञच करतील.

सनस्क्रीन लोशनमध्ये सगळ्यात जास्त काय असतं, तर पाणी. बऱ्याच लोशनांत ते निम्म्याच्या आसपास असतं. त्यात तेलं, तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर, ग्लिसरीन, दाटपणासाठी एखादा डिंक. जंतूंना वाढायला याहून वेगळं काही लागत नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू ओल्या सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी, बाथरूममधल्या मगात आरामात राहतो. ओल्या हातानं डबीत बोट घातलं की तो आत गेलाच. निरोगी, अखंड त्वचेवर तो सहसा काही करत नाही. पण डोळ्यात गेला, नुकतंच वॅक्सिंग झालेल्या किंवा ओरखडलेल्या त्वचेवर बसला, फुटलेल्या मुरमात शिरला, तर गोष्ट वेगळी. १९७०च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्काऱ्यामुळे बुबुळाला जखमा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांतल्या काहींची दृष्टी अधू झाली. प्रिझर्व्हेटिव्ह किती आणि कोणतं घालायचं याची शिस्त अशा अनुभवांतून आली आहे.

ही शिस्त कशी असते तेही सांगते, कारण ट्यूबवर ती दिसत नाही. नवीन फॉर्म्युला तयार झाला की आम्ही त्यात मुद्दाम जंतू सोडतो. आयएसओ ११९३० ही त्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, कॅन्डिडा नावाचं यीस्ट आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी, असे पाच गडी. प्रत्येक जिवाणूची ग्रॅममागे लाख ते दहा लाख संख्या घालायची आणि २८ दिवस पाहत बसायचं. कडक निकषानुसार सातव्या दिवशी जिवाणू हजारात एकावर यायला हवेत आणि २८व्या दिवसापर्यंत पुन्हा वाढता कामा नयेत. या परीक्षेत नापास झालेला फॉर्म्युला दिसायला-लावायला कितीही छान असला तरी बाजारात जायच्या लायकीचा नाही. बाजारातल्या मालालाही मर्यादा आहे. आयएसओ १७५१६ प्रमाणे साधारण प्रसाधनात ग्रॅममागे १,००० जंतू-वसाहतींपर्यंत चालतं. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी आणि डोळ्यांभोवती लावायच्या मालात फक्त १००. स्यूडोमोनाससारखे त्रासदायक जंतू मात्र दोन्हींत अजिबात नकोत.

आता जाऊबाईंच्या पॅराबेनकडे येऊ.

ही भीती मुख्यतः २००४च्या एका अभ्यासातून पसरली. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना २० स्त्रियांच्या स्तनातल्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडली. बातमी झाली, आणि बातमीत जे आलं ते लेखात नव्हतं. त्या अभ्यासात शेजारच्या निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती. पॅराबेन सापडणं आणि पॅराबेनमुळे गाठ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा दावा लेखकांनी केलाच नव्हता. तरी 'पॅराबेन-फ्री' लिहिलेल्या बाटल्यांची लाट आली ती आजतागायत ओसरलेली नाही.

मग शंका अगदीच निराधार होती का? नाही. पॅराबेन शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या जागी चिकटू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. रेणूची शेपटी जितकी लांब तितका हा गुण जास्त. मिथाइल सगळ्यात दुबळं, मग इथाइल, प्रोपिल आणि ब्युटिल त्यांच्या पुढे. त्यातलं ब्युटिलपॅराबेनसुद्धा खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा हजारो पटींनी कमजोर ठरलं. युरोपनं हाच फरक धरून नियम केले. मिथाइल आणि इथाइलला एकेकटं ०.४ टक्क्यापर्यंत परवानगी ठेवली. प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा २०१४मध्ये ०.१४ टक्क्यावर आणली. आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फिनाइल, बेन्झाइल आणि पेन्टाइल या पाच पॅराबेनांवर त्याच वर्षी बंदी घातली, कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिलीच नव्हती. २०२०मध्ये ब्युटिलपॅराबेनला हार्मोन-व्यत्यय आणणाऱ्या चिंताजनक पदार्थांच्या यादीतही टाकलं. म्हणजे 'पॅराबेन' हा सगळा एकच माल समजून भांडणाऱ्या दोन्ही बाजू थोड्या चुकतात. तुमच्या ट्यूबवर मिथाइल आणि प्रोपिल आहे. ब्युटिल असतं तर मी तुम्हाला दुसरं घ्या म्हटलं असतं, घाबरून नव्हे, पर्याय सहज मिळतात म्हणून.

हा आकड्यांचा हिशोब तुमच्या यजमानांना माझ्यापेक्षा चांगला कळेल. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला एमआरएल (मालात औषधाचा अवशेष जास्तीत जास्त किती चालतो ती मर्यादा) म्हणजे काय हे कुणी शिकवायला लागत नाही. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांवरून युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती, तेव्हापासून औषध कुठलं, फवारलं कधी, काढणीला दिवस किती राहिले, हे वहीत लिहिल्याशिवाय निर्यातीचा घड हलत नाही. तिथे कुणी 'केमिकल आहे की नाही' असं विचारत नाही, 'किती पीपीएम', म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं विचारतात. प्रसाधनांतल्या प्रिझर्व्हेटिव्हची मर्यादा काढण्याची रीत जवळपास तीच आहे. प्राण्यांवरच्या चाचणीत ज्या मात्रेला काही अपाय दिसला नाही, ती घ्यायची. प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहानं भागायचं, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा दहानं. एकूण शंभर पटींचं अंतर राहिलं तरच मंजुरी.

तुमच्या सनस्क्रीनपुरता हिशोब करून दाखवते. चेहरा, कान आणि मान मिळून एका वेळेला नीट लावलं तर साधारण दीड ग्रॅम लागतं. (बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग एसपीएफ ५० लावूनही काळं पडलो म्हणतात, पण तो वेगळा विषय.) दिवसातून दोनदा म्हणजे तीन ग्रॅम. त्यात मिथाइलपॅराबेन ०.२ टक्के आहे असं धरू. झालं ६ मिलिग्रॅम, तेही त्वचेवर. त्वचेतलीच एन्झाइम्स त्यातला बराच भाग फोडून पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झोइक आम्ल करतात आणि ते लघवीवाटे निघून जातं. आता शेजारी हा आकडा ठेवा: मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मिळून पोटात रोज किती गेलं तरी चालेल, याची युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ठरवलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम. पोटातून गेलेलं यकृतातून जातं आणि त्वचेतून गेलेलं तसं जात नाही, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण अंतर केवढं आहे ते कळायला पुरेशी आहे. खोकल्याच्या कित्येक सिरपांवर मिथाइल आणि प्रोपिल पॅराबेन लिहिलेलं सापडेल. तुमच्या घरातल्या बाटलीवरही पाहा.

आणि अ‍ॅलर्जी? पॅराबेन वर्षानुवर्षं वापरात असूनही अ‍ॅलर्जीच्या बाबतीत इतकी सौम्य निघाली की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९मध्ये त्यांना वर्षाचा 'नॉन-अ‍ॅलर्जन' म्हणून जाहीर केलं. दरवर्षी ही संघटना एखाद्या त्रासदायक पदार्थाचं नाव जाहीर करते, त्या वर्षी उलटं केलं.

या सगळ्या गडबडीत खरा नुकसानीचा सौदा कुठे झाला ते सांगते. लोकांनी पॅराबेन नको म्हटलं, कंपन्यांनी पॅराबेन काढलं, पण काहीतरी घालणं भागच होतं. अनेकांनी मिथाइलआयसोथायझोलिनोन घेतलं. लेबलवर हे लांबलचक नाव कुणाच्या डोळ्यात खुपत नव्हतं. ओले वाइप्स, लोशनं, शॅम्पू, सगळीकडे ते शिरलं. काही वर्षांत युरोपभर त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण दवाखान्यांत यायला लागले. चेहरा सुजलेला, हात सोललेले. जिचा आत्ता उल्लेख केला त्याच संघटनेनं २०१३चं 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून त्याचं नाव घेतलं. फेब्रुवारी २०१७पासून युरोपमध्ये लावून ठेवायच्या कुठल्याही प्रसाधनात ते चालत नाही. धुऊन टाकायच्या मालात चालतं, तेही १५ पीपीएमपर्यंतच. हाच पदार्थ भांडी घासायच्या लिक्विडमध्ये आणि भिंतीच्या रंगातही असतो, त्यामुळे एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती क्रीम बदलून सुटत नाही. 'पॅराबेन-फ्री' वाचून समाधानानं टोपलीत टाकलेली बाटली मागून वाचा, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी. चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये आयसोथायझोलिनोनचं कुठलंही रूप असेल तर ती दुकानातच ठेवा.

दुसरी टाळण्यासारखी मंडळी म्हणजे हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडणारी: डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५. यांतून सुटणारं फॉर्मल्डिहाइड अल्प असतं, पण ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला तेवढंही पुरतं. चांगले पर्याय असताना ही का वापरावीत, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

फिनॉक्सीइथॅनॉलबद्दल फार लिहीत नाही. मर्यादा एक टक्का. युरोपच्या वैज्ञानिक समितीनं २०१६मध्ये एवढं प्रमाण मुलांसह सगळ्यांना सुरक्षित ठरवलं. फ्रान्सच्या औषध संस्थेनं २०१२मध्ये तीन वर्षांखालच्या बाळांना लंगोटाच्या भागात ते लावू नये असा सल्ला दिला होता, तो सावधगिरीचा आहे आणि पाळायला सोपाही आहे. काहींना त्यानं क्षणभर चुरचुरतं. अ‍ॅलर्जी विरळा.

आता स्टॉलवरचं ते कोरफडीचं सनस्क्रीन. त्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय.

अशा स्टॉलवर माल विकणाऱ्या बचत गटाच्या बायका मेहनतीनं काम करतात. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्यातल्या काही जणी आमच्याकडे जेल तपासायला पाठवतातही. पण ताजी कोरफड, गुलाबपाणी आणि व्हिटॅमिन ई कॅप्सूल घालून केलेलं जेल पेट्री डिशवर, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या बशीत, पसरलं की दोन-तीन दिवसांत मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती उगवतात, हे आम्ही वारंवार पाहतो. वास, रंग काही बदललेलं नसतं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना ते रोखत नाही. हा गैरसमज इतका खोलवर बसलाय की सांगून सांगून मी दमले. 'ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट हे नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह' असंही ऐकायला मिळतं. (ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या नात्यातलं फळ, आपलं द्राक्ष नव्हे.) १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातल्या अशा अर्कांमध्ये बेन्झेथोनियम क्लोराइड, ट्रायक्लोसान आणि चक्क मिथाइलपॅराबेन सापडलं होतं. ज्या नमुन्यात ही कृत्रिम भर नव्हती, त्यात जंतू मारायची ताकदही नव्हती. टी-ट्री, लव्हेंडर यांसारखी सुगंधी तेलं जंतू मारतील एवढ्या प्रमाणात घातली तर त्वचा आधी तक्रार करेल.

कुणी म्हणेल, मग खाद्यपदार्थांत वापरतात ते सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट घाला. चांगली सूचना आहे, पण इथे एक मेख आहे आणि ती सनस्क्रीनलाच जास्त लागू होते. बेन्झोएट काम करतं ते आम्लाच्या रूपात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), ४.२ असेल तर त्यातलं निम्मं आम्लरूपात असतं. पीएच ७.२ झाला की हजारात जेमतेम एक भाग उरतो. फेसवॉश किंवा टोनर आंबट ठेवता येतो, तिथे बेन्झोएट छान चालतं. पण नैसर्गिक म्हणून जे सनस्क्रीन विकलं जातं, त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं, आणि झिंक ऑक्साइडचं लोशन सातच्या वर राहतं. आंबट करायला जावं तर झिंक ऑक्साइड विरघळायला लागतं आणि लोशन फाटतं. म्हणून झिंकच्या सनस्क्रीनमध्ये लेबलवर फक्त 'सोडियम बेन्झोएट' दिसलं की मी ते घेत नाही. लिहिलेलं आहे, पण कामावर नाही. झिंकवाल्या फॉर्म्युलात फिनॉक्सीइथॅनॉल आणि जोडीला इथाइलहेक्झिलग्लिसरीन असं काहीतरी दिसलं तर मला बरं वाटतं. पॅराबेन दिसलं तरी हरकत नाही.

प्रिझर्व्हेटिव्हशिवाय सनस्क्रीन होऊच शकत नाही असं मात्र नाही. पाणीच नसलेली स्टिक किंवा बाम, किंवा हवा आत जाऊ न देणारा पंप, हे प्रामाणिक मार्ग आहेत. काही कंपन्या कॅप्रिलिल ग्लायकॉल किंवा १,२-हेक्झेनडायॉल घालतात. ही जंतू रोखतात, पण नियमांच्या प्रिझर्व्हेटिव्ह-यादीत नाहीत, आणि मग डब्यावर 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' छापायला मोकळे. माल चांगला असतो, लिहिणं थोडं लबाडीचं. कायद्यानं चालणाऱ्या पदार्थाला बदनाम करणारे असे 'फ्री' दावे युरोपच्या मार्गदर्शक सूचनांना २०१९पासून मान्य नाहीत. आपल्याकडे अजून जोरात आहेत.

स्टॉलवरच्या सनस्क्रीनची दुसरी अडचण प्रिझर्व्हेटिव्हपेक्षाही साधी आहे. ते ऊन अडवतं का? कोरफड अडवत नाही. गाजराच्या बियांचं तेल, द्राक्षबियांचं तेल यांच्या नावावर इंटरनेटवर मोठमोठे एसपीएफ फिरतात, त्यांत अर्थ नाही. घरी झिंकची पूड ढवळून घातली तर ती गुठळ्यांत राहते, एका ठिकाणी पांढरा थर आणि शेजारी उघडी त्वचा. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापराची मुदत आणि घटकांची यादी नसेल तर कायद्यानं ती विकताच येत नाही. सौंदर्यप्रसाधन नियम २०२०मध्ये हे स्पष्ट आहे. त्याच नियमाप्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे असतात आणि त्याखालचे कुठल्याही क्रमानं. म्हणून यादीत फिनॉक्सीइथॅनॉल आणि त्याच्याही खाली गेलेली नावं सहसा एक टक्का किंवा कमी असतात, आणि तिथेच बहुतेक वेळा कोरफड, केशर, हळद यांची नावं सापडतात, ज्यांचं चित्र समोर मोठं छापलेलं असतं.

एक गोष्ट आपल्याकडे नेहमी मिसळली जाते. प्रिझर्व्हेटिव्ह वेगळं आणि ऊन अडवणारा फिल्टर वेगळा. ऑक्सिबेन्झोन, ज्याला लेबलवर बेन्झोफेनोन-३ लिहितात, हा फिल्टर आहे. २०१९मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं पाहिलं की भरपूर सनस्क्रीन लावल्यावर असे फिल्टर रक्तात उतरतात. अपाय झाला असं त्यात निघालं नाही, आणखी तपासा एवढंच त्यांनी म्हटलं, आणि सनस्क्रीन थांबवू नका असंही. २०२२मध्ये युरोपनं ऑक्सिबेन्झोन अंगाला लावायच्या सनस्क्रीनमध्ये २.२ टक्क्यांवर आणलं. मुलीसाठी घेताना ते टाळलं तर बरं.

मुलीसाठी काय घ्यायचं, तर झिंक किंवा टायटॅनियमवालं, बिनवासाचं, ट्यूबमधलं. वासाकडे लक्ष द्या, कारण 'परफ्यूम' या एका शब्दाखाली किती रसायनं आहेत ते तुम्हाला कळत नाही आणि अ‍ॅलर्जी देण्यात ती प्रिझर्व्हेटिव्हच्या बरोबरीनं असतात. शाळेत पूर्ण बाह्या आणि टोपी असेल तर सनस्क्रीन फक्त चेहरा, कान, हाताच्या मागे. सहा महिन्यांखालचं बाळ असतं तर मी सनस्क्रीनऐवजी सावली आणि कापड सांगितलं असतं.

एप्रिल-मेमध्ये ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी भट्टीसारखी तापते. इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, फुटतं, प्रिझर्व्हेटिव्हचा बराचसा भाग तेलात जाऊन बसतो आणि जंतू वाढतात त्या पाण्यात काहीच उरत नाही. पाणी सुटलं, दाणेदार झालं, वास बदलला, तर टाकून द्या. संपत आलेल्या ट्यूबमध्ये पाणी घालून हलवायचं, हे घरोघरी चालतं. कृपा करून करू नका, कारण त्या चमचाभर पाण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्हचा हिशोब कुणी केलेला नाही.

पॅराबेनपेक्षा शंभरपटीनं काळजी करण्यासारखी गोष्ट आपल्याच बाजारात आहे, म्हणून इथे लिहिते: गोरेपणाच्या बेनामी क्रीम्स. त्यांत पारा सापडतो. आपल्या नियमानं चुकून मिसळलेला पारा १ पीपीएमच्या वर चालत नाही, आणि डोळ्यांच्या प्रसाधनांत ७० पीपीएमपर्यंत सूट आहे. २०२३मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये अशा क्रीममुळे किडनी बिघडल्याचे रुग्ण सापडले, आणि आपल्या अकोल्यातल्या एका कुटुंबालाही तसाच त्रास झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबनं चेहऱ्याची वाट लावून घेतलेल्या मुली तर प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या बाकावर बसलेल्या असतात. जाऊबाईंच्या कपाटात अशी एखादी डबी नाही ना, ते आधी पाहा.

आता यजमान. पापण्या आणि मान, आणि दिवसभर बागेत. माझ्या डोळ्यापुढे पहिलं नाव येतं ते गाजर गवताचं. बांधावर, रस्त्याकडेला ते सगळीकडे आहे, आणि त्याची धूळ उडून नेमकी पापण्यांवर, मानेच्या घडीत, कोपराच्या वळणात बसते. सनस्क्रीनच्या चिकट थरावर ती आणखी टिकते, म्हणून 'लावायला लागल्यापासून' असं वाटणं साहजिक आहे. दुसरं, गंधक आणि मॅन्कोझेबसारखी फवारणीची औषधं. तिसरं, सनस्क्रीनमधला वास किंवा एखादा फिल्टर, विशेषतः ऊन पडल्यावरच खाज सुटत असेल तर. पाठ-कंबर दुखते म्हणून केटोप्रोफेनचं जेल लावत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याची उन्हातली अ‍ॅलर्जी ऑक्टोक्रिलीन आणि बेन्झोफेनोन-३ हे फिल्टर असलेल्या सनस्क्रीनलाही पुढे लागू शकते. प्रिझर्व्हेटिव्ह या सगळ्यांनंतर, आणि त्यांतही पॅराबेन शेवटी.

फवारणीच्या दिवशी त्यांनी उन्हासाठी सनस्क्रीनवर विसंबू नये. उंदराच्या त्वचेवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांत काही सनस्क्रीन-फिल्टरांमुळे २,४-डी हे तणनाशक त्वचेतून जास्त आत गेलं होतं. माणसावर किती, हा प्रश्न वेगळा, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, मानेला रुमाल आणि हातमोजे हा उपाय कुठल्याही दिवशी जास्त भरवशाचा. घरी आल्यावर आधी आंघोळ, आणि फवारणीचे कपडे वेगळे धुवा.

घरच्या घरी एवढं करता येईल. आठवडाभर सनस्क्रीन चेहऱ्याला बंद, बाकी बागेतलं काम नेहमीसारखं. त्याच दिवसांत तेच सनस्क्रीन कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावायचं, धुवायचं नाही. हातावर काही उठलं नाही आणि चेहरा खाजतच राहिला, तर ट्यूबवरचा संशय बराच कमी होतो. हातावर लाल, खाजरं उठलं तर लगेच थांबवा. ऊन लागल्यावरच होणारी अ‍ॅलर्जी या चाचणीत सुटू शकते. पापण्या सुजल्या असतील तर मात्र हे सगळं सोडून थेट डॉक्टरांकडे.

त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या चकत्या ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. भारतीय मालिकेत गाजर गवत, पॅराबेन मिश्रण, फॉर्मल्डिहाइड, सुगंध मिश्रण हे सगळं असतं. जाताना एका पिशवीत सनस्क्रीन, दाढीचं क्रीम, केसांचा कलप, दुखण्यावरचं जेल आणि फवारणीच्या औषधांची नावं लिहिलेला कागद न्यायला सांगा. सनस्क्रीनची ट्यूब आणि बिल ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात बॅच नंबर लागतो. आणि तारीख ऑक्टोबरच्या छाटणीत किंवा काढणीच्या दिवसांत घेऊ नका. त्या चार दिवसांत पाठ भिजवायची नसते आणि घामाचं काम करायचं नसतं. छाटणीआधी थोडी उसंत मिळेल तेव्हाची घ्या, आणि खाज जोरात असताना टेस्ट करत नाहीत, हे लक्षात ठेवून आधी फोन करून विचारा.